पडद्याआडची सकाळ

माझ्या आईला अमेरिकेबद्दल फारसं काही ठाऊक नाही, पण ‘स्टॅम्पिंग’ हा शब्द तिला पक्का ठाऊक आहे. सांगलीत तिच्या बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं, की लेक यंदाही का नाही आली, तर ती जाणकाराच्या थाटात सांगते, "देशाबाहेर पडलं की व्हिसाचा नवा शिक्का मारून घ्यावा लागतो. त्याची तारीख मिळत नाही. मग परत जाता येत नाही, अडकून पडतात बिचारे." हे सगळं मीच तिला शिकवलेलं. आणि बरीच वर्षं ते खरंही होतं.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्हाला ग्रीन कार्ड मिळालं. आता शिक्का नको, तारीख नको, मनात येईल तेव्हा विमानात बसावं. ही बातमी आईला समोर बसून सांगू, असं मी ठरवलं आणि फोनवर बोलले नाही. महिना गेला, दोन गेले. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की न सांगण्यात मोठीच सोय आहे.

कारण भारतात जाणं म्हणजे सुट्टी नसते. चार बॅगा भरायच्या, कुणाला चॉकलेटं, कुणाला क्रीम, सोळा घरी जेवायचं, सतराव्या घरचे रुसायचे, मुलीचं पोट बिघडायचं, आणि परत आल्यावर सुट्टीतून सावरायला आणखी सुट्टी लागायची. नवरा म्हणाला, "यार, एकदा तरी असं कुठेतरी जाऊ, जिथे कुणी ओळखीचं नाही." त्यानेच ओमान शोधून काढलं. दोन दिवस मस्कत, चार दिवस डोंगरावर. मुलीच्या स्प्रिंग ब्रेकमध्ये बरोब्बर बसत होतं. मी फोटो पाहिले आणि ‘बुक कर’ म्हणाले. हे मीच म्हणाले, त्याच्यावर ढकलणार नाही.

त्याच आठवड्यात आईने विचारलं, "एप्रिलमध्ये जमेल का गं यायला? डॉक्टर म्हणतायत मोतीबिंदू पिकलाय, आता थांबू नका. तू आलीस की करून टाकू."

मी म्हणाले, "आई, स्टॅम्पिंग."

"हो की," ती म्हणाली. "मग दिवाळीला बघू. घाई नाही काही."

विमानातल्या पडद्यावर नकाशा असतो. शेवटच्या टप्प्यात मस्कत जवळ आलं, तेव्हा नकाशाच्या उजव्या कडेला मुंबई दिसायला लागली. मधे फक्त निळं पाणी. मी पडद्यावर मुलीचं कार्टून लावलं.

मस्कत सुंदर आहे, हे कबूल केलंच पाहिजे. बुटकी पांढरी घरं, मागे तपकिरी डोंगर, पुढे समुद्र, आणि कुठेही गोंगाट नाही. हॉटेलात नाश्त्याला वाढणारे गृहस्थ पन्नाशीचे होते. आमचं बोलणं ऐकून ते मराठीत म्हणाले, "ताई, मी चिपळूणचा. तुमचं गाव?" सांगली म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. "मग आता घरी जाऊनच अमेरिकेला जाणार असाल. इथून मुंबई म्हणजे तीन तास पण नाही. मला दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळते, ती मिळाली की मी आधी आईकडे पळतो."

मी "हो" म्हणाले. त्यांनी आग्रहाने आणखी खजूर वाढले. दुसऱ्या दिवशी मी नाश्ता खोलीत मागवला.

मग डोंगर. सात हजार फुटांवर, दरीच्या अगदी काठावर ते हॉटेल होतं. खाली उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्यांत गुलाब. फुलायचा हंगाम होता. गावातल्या बायका पहाटे फुलं तोडत आणि मातीच्या भट्ट्यांवर त्यांचं गुलाबपाणी काढत. सगळ्या दरीत तो वास आणि थोडासा धूर. बागेत बुलबुल इतके, की टेबलावरचा पाव पळवायचे. मी दोन दिवस काहीही केलं नाही. पाठीला तेल लावून घेतलं, गरम पाण्यात बसले, पुस्तकाची चार पानं वाचली. खूप वर्षांनी माझे खांदे कानांपासून खाली उतरले. तिसरा दिवस रविवार होता.

रविवार म्हणजे आईचा फोन. तिची पूजा आणि चहा उरकला, की ती आठ वाजता खिडकीपाशी बसून व्हिडिओ लावते. तेव्हा आमच्याकडे शनिवारची संध्याकाळ असते, दिवे लागायची वेळ. इतक्या वर्षांत हा फोन कधी चुकलेला नाही. चुकला तर ती शेजारच्या मावशींना उठवेल, मावशी त्यांच्या मुलाला उठवतील, आणि अर्धी सांगली आम्हाला शोधायला लागेल. म्हणून फोन घ्यायलाच हवा होता. फक्त डोंगरावर तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि लख्ख उजाडलं होतं.

मी सहाला उठले. जाड पडदे ओढले, त्यांच्या फटीत उशा खोचल्या. टेबलावरचा दिवा लावला. हॉटेलचा पांढरा झगा काढून घरचा विटका टी-शर्ट घातला. मागे हॉटेलचं चित्र दिसेल म्हणून ते उतरवून ठेवलं. नवऱ्याने हे सगळं बघितलं आणि म्हणाला, "सांगून टाक ना सरळ." मी त्याच्यावर खेकसले, "तुझी आई आहे का?" मग मुलीला उठवलं. ती नऊ वर्षांची. तिला म्हटलं, आज्जीला सांगायचं, आपण घरी आहोत आणि आपल्याकडे आत्ता संध्याकाळ आहे.

"Why?" तिने विचारलं.

"आज्जीला वाईट वाटेल म्हणून."

आईचा चेहरा पडद्यावर आला, नेहमीसारखा फार जवळ, अर्ध्या पडद्यावर नुसतं कपाळ. डोळे बारीक करून ती आम्हाला शोधत होती. "अंधार आहे का गं तिकडे? की माझ्याच डोळ्यांना?"

"दिवे लागलेत आई. संध्याकाळ झाली."

बाहेर बुलबुलांनी नेमका तेव्हाच कल्ला सुरू केला. आई थांबली. "पाखरं फार ओरडतायत."

"टीव्ही लागलाय."

"बरं," ती म्हणाली. मग तिने नातीला विचारलं, "जेवलीस का बाळ?"

माझी मुलगी आज्जीशी इंग्रजीतच बोलते. मराठी समजतं, पण बोलायला लाजते. मी किती वर्षं तिच्या मागे लागले होते. त्या दिवशी तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "हो आज्जी, मी आत्ताच वरण-भात खाल्ला. आता मी झोपणार आहे."

आईला केवढा आनंद झाला. "किती गोड बोलायला लागली गं," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. माझ्या लेकीचं आज्जीशी बोललेलं पहिलं सबंध मराठी वाक्य खोटं होतं, आणि ते मी शिकवलेलं होतं. फोन ठेवायच्या आधी आई म्हणाली, "जा, आराम करा. फार दमता तुम्ही तिकडे."

मी पडदे उघडले. दरीत ऊन भरलं होतं. मला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता, आणि ती दोन्ही कामं मला धड जमेनात. बाथरूममध्ये बसून मी फोनवर मस्कत-मुंबईची विमानं पाहिली. दुपारचं एक होतं, जागाही होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांगलीत असते. ऑपरेशन नाही, तर निदान डॉक्टरांकडे तिला हाताला धरून नेलं असतं. पण दार उघडल्यावर ती विचारणार, ‘स्टॅम्पिंगचं काय झालं?’ आणि मला तोंड उघडावं लागणार. तेवढ्या एका प्रश्नाला भिऊन मी गेले नाही. अंतर काहीच नव्हतं. दहा वाजता मसाज ठरलेला होता, तो मी करून घेतला. ती बाई म्हणाली, खांदे फार कडक आहेत.

परत येताना एक गुलाबपाण्याची बाटली आणली. आईला द्यायला म्हणून घेतली होती, पण कुठून आणली हे काय सांगणार? ती आमच्या स्वयंपाकघरात व्हिनेगरच्या मागे आहे.

मे महिन्यात एका रविवारी आई काळा चष्मा लावून फोनवर आली. दिवाळीपर्यंत थांबणं झालं नाही. जिना उतरताना तिचा पाय चुकला, लागलं नाही फारसं, पण शेजारच्या मावशींनी तिला दुसऱ्याच दिवशी मिरजेला नेलं आणि ऑपरेशन करवून घेतलं. मला आधी कळवलं नाही. "तुला यायचं तर नव्हतंच," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

पुढच्या महिन्यात चष्मा गेला. तिने पहिल्यांदाच फोन योग्य अंतरावर धरला आणि मला नीट पाहिलं. "केस किती पांढरे झालेत गं तुझे," ती म्हणाली. "मला इतके दिवस दिसतच नव्हतं." मग म्हणाली, "त्या एप्रिलच्या रविवारी माझ्या खिडकीतला बुलबुल आणि तुझ्याकडचा, दोघं एकदमच ओरडत होते. बुलबुल असे उजाडल्यावरच गातात."

मग मी सगळं सांगितलं. ग्रीन कार्ड, ओमान, पडदा, उशा. माझं संपल्यावर तिने विचारलं, "मग आराम झाला का तुला?"

"नाही," मी म्हणाले.

"अरेरे," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलं. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. विषय बदलावा म्हणून तिने नातीला हाक मारली. "बाळ, जेवलीस का?"

मुलगी शेजारीच बसून पिझ्झा खात होती. तोंडात घास होता. उत्तर द्यायच्या आधी तिने वळून माझ्याकडे पाहिलं, काय सांगायचं ते विचारायला.

आईला आता ते दिसत होतं.