मावशीचा आरंभबिंदू

माझी मावशी एका जागी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही. मुलींच्या शाळेत तिने जन्मभर गणित शिकवलं, तेही वर्गभर येरझाऱ्या घालत. आम्ही मुली मागून तिला 'भिंगरी' म्हणायचो आणि भाची असूनही त्यात मीच पुढे असायचे. फळ्यावर ती एक आडवी आणि एक उभी रेघ मारायची, दोन्ही जिथे छेदतात तिथे ठसठशीत ठिपका द्यायची आणि म्हणायची, "हा आरंभबिंदू, म्हणजे शून्य. इथून आधी आडवं चाला, मग उभं. उजवीकडे आणि वर अधिक, डावीकडे आणि खाली उणे. क्रम चुकलात तर भलत्याच्याच दारात जाऊन उभ्या राहाल!"

निवृत्तीनंतर तिची नजर अधू होत गेली आणि गेल्या वर्षी पार गेली. भिंगरी मात्र थांबली नाही. मी शेजारीच राहते. भिंतीपलीकडे तिची पावलं वाजू लागली की माझा जीव टांगणीला लागायचा.

तिने खोलीचाच आलेख करून टाकला होता. पलंगाचा पायथ्याचा उजवा पाय हे शून्य. त्याला टाच टेकवायची, उशाकडे पाठ करायची आणि निघायचं. पाण्याची बाटली तीन-दोनवर, म्हणजे तीन पावलं उजवीकडे, दोन पुढे. फोन एक-चारवर. डावीकडची खिडकी उणे दोनवर. एकदा मी रेडिओ दोन-पाचऐवजी पाच-दोनवर ठेवला, तर या वयात मला अंगठे धरून उभी करायचंच तिने बाकी ठेवलं.

तिच्या मुलाला, आमच्या दादाला, यातलं काही पटत नव्हतं.

"पडलीस म्हणजे? माझ्याकडे चल, आई."

"आणि तिथे काय करू? सोफ्यावर शोभेची वस्तू होऊन बसू?"

शेवटी ठरलं की रविवारी तिने त्याच्यासमोर बाटली, फोन आणि गोळ्यांचा डबा स्वतः घेऊन दाखवायचा. जमलं तर इथेच राहायचं, नाही जमलं तर त्याच दिवशी सामान बांधायचं.

रविवारी ती माझ्याकडे चहा पीत होती, अर्थातच उभ्याने. तेवढ्यात दादा आल्याचं कळलं. मी तिचा हात धरून तिला खोलीत आणलं. दादा खुर्चीत बसला होता, चेहरा परीक्षकाचा. मावशीने पलंगाच्या पायाला टाच टेकवली आणि निघाली. तीन उजवीकडे, दोन पुढे. हात पुढे केला तर टेबलाचा रिकामा कोपरा! बाटली एक वीतभर उजवीकडे होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. फोनलाही तेच झालं.

"बघितलंस?" दादा हळूच म्हणाला. तो जिंकत होता, पण त्याचा आवाज रडवेला होता.

मावशी परत पलंगाशी आली. पदराशी चाळा करत दोनदा वळली, थांबली.

"बाटली कुठे राहिली?"

"वीतभर उजवीकडे," मी म्हणाले.

"आणि फोन?"

"तोही तेवढाच."

"मग गोळ्यांचा डबाही तेवढाच उजवीकडे असणार." ती चालत गेली, नेहमीच्या जागी हात नेला, तिथून एक वीत उजवीकडे सरकवला आणि डबा उचलला. "मी चुकले असते तर प्रत्येक चूक वेगळ्या दिशेला गेली असती. सगळ्या एकाच बाजूला, एकसारख्या कशा? ठिपके जागेवर आहेत, माझं शून्य हललंय. पलंग कोणी सरकवला?"

दादा खाली बघू लागला. "मीच. तुला वारा लागावा म्हणून जरा खिडकीकडे ओढला."

मग दादा उठला, डोळे पुसले आणि पलंगाला हात घातला. "राहा इथेच. आधी हा जागेवर ठेवतो."

"राहू दे तसाच," मावशी म्हणाली. "माझ्यासाठी ओढलास ना? मी सगळ्यांत उजवीकडे एक वीत वाढवीन. बैस तू."

तो बसला. खुर्ची करकरली त्या दिशेचा अंदाज घेऊन ती पलंगाच्या पायापासून निघाली, उजवीकडे दोन, पुढे तीन, आणि तिचा हात नेमका त्याच्या डोक्यावर पडला. तो तिथेच ठेवून ती बराच वेळ उभी राहिली, एकही पाऊल न हलवता.

"ही तुझी जागा, दोन-तीन," ती म्हणाली. "दर रविवारी इथेच सापडला पाहिजेस."