मागच्या सीटखालची बॅटरी

ग्रुपवर मी फारसं लिहीत नाही, पण आज दुपारी जे झालं ते सांगावंसं वाटतंय.

आमची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर ह्यांनी स्वतः राहण्यासारखी केली होती. चाकणच्या कंपनीत ते पॅनेल वायरिंग करायचे, म्हणून गाडीतल्या प्रत्येक वायरलाही नंबर लावला होता. मोबाइल, टॉर्चसाठी मागच्या सीटखाली वेगळी बॅटरी होती. तीन दिवस सहज पुरायची.

ते गेल्यावर आज पहिल्यांदाच मी आणि मुलगी मुक्कामाला म्हणून मावळात धरणाकाठी गेलो. मोबाइल चार्जिंगला लावले आणि पाच मिनिटांत सगळं बंद पडलं.

सीट उचलून पाहिलं. नंबर लावलेल्या वायरी तशाच होत्या. बॅटरी मात्र दुसरीच, जुनाट होती.

गाडीची दुसरी किल्ली ह्यांच्या जिवलग मित्राकडे असते. दर रविवारी हे भाऊजी चिखलीला आमच्याकडे येऊन इंजिन चालू करून जातात. उरलेल्या चार्जिंगवर त्यांना फोन लावला.

"अहो वहिनी, माझी बॅटरी गेली होती. तुमची नुसती पडून होती ना. आता तुम्ही कुठं फिरायला जाताय, असं वाटलं."

"मला विचारायचं होतंत, भाऊजी."

"तुम्हाला कशाला त्रास, म्हटलं."

आम्ही परत फिरलो. वाटेत मुलगी एवढंच म्हणाली, "काका दर रविवारी आपल्याकडे चहा पिऊन जायचे ना गं?"

बॅटरी ते परत आणून देतील. पण आमचं फिरणं संपलं, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात ह्यांचं वर्षश्राद्ध आहे. माझ्या जागी तुम्ही असता, तर त्यांना जेवायला बोलावलं असतं का?