जिजीचा निंब

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझा साधा खोकलाही लपत नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मध्येच थांबवणार नाही.

पण आधी आमची गावराई बघा. सुरतेत, डिंडोलीत आमच्या सोसायटीचा कॉमन प्लॉट म्हणजे नुसता उकिरडा होता. साड्यांच्या चिंध्या, फुटके बॉबिन, डुकरं. लूमवरचं, कापड विणायचं काम सोडल्यावर मी तो हातात घेतला. नियमही माझाच — सुट्टीत खान्देशात गेलेल्यानं येताना आपल्या गावचं रोप आणायचं, मातीसकट. विकतचं चालणार नाही. आज शिरपूर, अमळनेर, नंदुरबार, सगळी गावं तिथं शेजारीशेजारी उभी आहेत. सकाळी माणसं आपापल्या गावाखाली बसतात. लूमच्या खडखडाटानं कान बधिर झालेले लोक तिथं पाखरं ऐकतात. हे मी केलं. छाती फुगते माझी, का फुगू नये?

तर — जिजी. आमच्या शेजारची. नवरा गेल्यावर ती घरातून बाहेर पडेना, धड जेवेना. तिला एकच हवं होतं, माहेरच्या बांधावरच्या निंबाचं रोप. त्याच निंबाला आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा झोका बांधून ती लहानपणी खेळलेली. मी तिकडं लग्नाला निघालो होतो. म्हटलं, आणतो. ओल्या गोणपाटात गुंडाळून निघालोही. पण गाडीत पत्त्यांचा डाव रंगला, रोप खिडकीशी उन्हात राहिलं. उधन्याला, आमच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा ते पार वाळलं होतं.

काय करायला हवं होतं? जाऊन सांगायचं, इतकंच ना? मी रस्त्याकडेच्या नर्सरीतून निंबाचं रोप घेतलं. काळी पिशवी फाडून फेकली. मेलेल्या रोपाची माती त्याच्या मुळांना थापली आणि त्याच गोणपाटात बांधलं.

जिजीनं ते लावलं. पाणी घालायला म्हणून घराबाहेर पडू लागली, मग बोलू लागली, मग बायकांना झोक्याची गाणी शिकवू लागली. "याना सावलीमा मन्हं मन लागस," म्हणते. तेवढंच असतं तर — पण तेवढंच नाही.

त्याच वर्षी, पावसाळ्याच्या तोंडावर हिरामण गावराईत आला, समोरच्या गल्लीतला. आईबाप कधीच वारलेले, गावात घर नाही, शेत नाही. जाणार कुठं? हातात रोप होतं, आणि नर्सरीतून आणलंय हे त्यानं आपण होऊन सांगितलं. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "ज्याला गावच नाही, त्याचं झाड इथं कशाला?" लोक हसले. तो रोप उचलून निघून गेला. तेव्हा माझ्या हातात पाण्याचा पाइप होता. मी जिजीच्या निंबाला पाणी घालत होतो.

जिजीचं मन राखायला खोटं बोललो म्हणावं, तर हिरामणला कशासाठी हाकललं? माझा नियम मोठा दिसावा म्हणून. मी मोठा दिसावा म्हणून.

यंदा आखाजीचा झोका त्याच निंबाला बांधला. सगळ्या गल्ल्यांतल्या बायका आल्या, आणि मला शाल-नारळ मिळालं. हिरामणचं झाड त्याच्या गच्चीवर रंगाच्या पिंपात आहे. मुळांना जागा नाही, कमरेएवढंच राहिलंय. गावराईच्या फाटकातून ते समोर दिसतं. तो आत कधी येत नाही.

काल शाळेची पोरं गावराई बघायला आली होती. मी त्यांना नियम समजावून सांगितला — मोठ्या आवाजात, जिजीच्या निंबावर हात ठेवून.