केशव खराडेचं श्राद्ध

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पलटणीतल्या सोबत्यांना नाही. महाकाळापुढे हात जोडून उभा राहतो तेव्हासुद्धा घाईघाईने मुलीचं लग्न, गुडघेदुखी वगैरे पुढे करतो आणि हे मागे ठेवतो. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखत असतात तर तुम्हीही एव्हाना माझ्या गळ्यात हार घातला असतात.

माजी सैनिक म्हणून मला टावर चौकात एसटीडी-पीसीओ मिळालं आहे. दिवसभर मी काचेच्या केबिनबाहेर स्टुलावर बसतो. लोक आत जाऊन दार लावतात आणि समजतात की बाहेर काही ऐकू येत नाही. सगळं ऐकू येतं. पेपर नापास झालेला पोरगा बापाला सांगतो, पर्चा बढ़िया गया. साडीचा व्यापारी सुरतेला सांगतो, माल निकल गया, आणि माल त्याच्या पायाशी पडलेला असतो. मला गंमत वाटते. मग वाटते लाज. माझ्याहून मोठं खोटं या केबिनमध्ये अजून कुणी बोललेलं नाही, आणि मी तर ते केबिनच्या बाहेर, फोनशिवाय बोललो.

पण क्रमाने सांगतो—क्रमाने सांगता आलं तर.

आमचं घराणं शिंदेशाहीच्या चाकरीत उज्जैनला आलं ते इथलंच झालं. मी फौजेत गेलो तेव्हा पायदळाच्या एका मराठी पलटणीत पडलो. सगळी पोरं सातारा-सांगलीची. माझं मराठी ऐकून ती पोट धरून हसायची. मी म्हणायचो, 'मी येऊन राहिलोय,' आणि केशव खराडे म्हणायचा, 'ये की लेका एकदाचा, राहतोस कशाला!' केशव माण तालुक्यातला. एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, तो एक नंबर, म्हणजे गोळी चालवणारा. मी दोन नंबर, म्हणजे मॅगझिन भरून देणारा, नळी तापली की बदलणारा. फौजेत ही जोडी नवराबायकोसारखी असते. एकत्र खायचं, एका खड्ड्यात झोपायचं. आणि पहिल्याच दिवशी शिकवतात, दोन नंबरने एक नंबरला सोडायचं नसतं.

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या कंपनीने नहराचा एक बांध घेतला. शत्रूने उलटा हल्ला केला. केशव बांधावर पडला. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. दर सव्वीस जानेवारीला शाळावाले मला बोलावतात तेव्हा मी एवढंच सांगतो, पोरं टाळ्या वाजवतात, हेडमास्तर नारळ देतात. खोट्याच्या कपाळी गोटा, असं म्हणतात. माझ्या कपाळी तर कायम गुलालच आला. कसं मानायचं त्या म्हणीला?

केशवला मूल नव्हतं. लग्न होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. त्याची आई गेल्यावर शालनवहिनी—त्याची बायको—पितृपक्षात उज्जैनला यायला लागल्या. शस्त्राने मेलेल्यांचं श्राद्ध चतुर्दशीला करतात, आणि ते क्षिप्रेकाठच्या सिद्धवटाखाली झालं तर फार चांगलं, असं त्यांना गावच्या गुरुजींनी सांगितलं होतं. पण खरं कारण ते नव्हे. त्या म्हणाल्या, शेवटच्या वेळी तुम्हीच जवळ होता, तेव्हा पाणीही तुमच्याच हातचं पोचेल. घाटावरच्या पंडाजींना विचारलं. ते म्हणाले, बेटा नहीं तो मित्र को भी अधिकार है. झालं. तेव्हापासून दरवर्षी मी क्षिप्रेत बुडी मारतो, ओल्या धोतराने बसतो, केशवचं नाव-गोत्र उच्चारतो, पिंड ठेवतो, वडाच्या मुळाशी दूध घालतो. वहिनी मागे पदर तोंडाला लावून बसलेल्या असतात. पंडाजी सांगतात, ध्यान करो, मृत आत्मा का ध्यान करो. आणि मी डोळे मिटतो. काय दिसतं मला, सांगू?

धुकं दिसतं. पंजाबातलं डिसेंबरचं पहाटेचं धुकं, हातभर पलीकडचं दिसत नाही असं. त्यात रणगाड्यांचा आवाज. हुकूम आला, मागे या, उसाच्या फडामागे. केशवच्या मांडीत गोळी लागली होती. मी पट्टी बांधली होती, घट्ट. रक्त थांबत आलं होतं—हे मला स्पष्ट आठवतं, विसरलो असतो तर बरं झालं असतं. तो शुद्धीवर होता. माझ्याहून अंगापिंडाने दुप्पट. म्हणाला, ओढत ने. मी ओढलं, थोडंसं. रणगाडे जवळ आले. मी म्हटलं, थांब, स्ट्रेचर घेऊन मी आत्ता येऊन राहिलोय. आणि तो हसला हो. तशातही हसला. पण हसता हसता त्याने माझ्या कमरेचा पट्टा धरला. त्याला कळलं होतं. तोवर मला स्वतःलाही कळलं नव्हतं—का कळलं होतं?

मी त्याची बोटं सोडवली. एकेक करून. चांगली ताकद होती त्या बोटांत.

फडामागे सुभेदारसाहेब माणसं मोजत होते. मला एकट्याला पाहून विचारलं, 'खराडे? आहे का गेला?'

'आहे' म्हटलं असतं तर त्यांनी चार माणसं दिली असती, ते तसेच होते. आणि वाट दाखवायला पुढे मला जावं लागलं असतं. मी म्हटलं, 'गेला.' त्यांनी पुन्हा विचारलं, पाहिलंस? मी म्हटलं, डोळ्यांनी.

बस. एवढंच.

बांध लढाई थांबेपर्यंत शत्रूकडेच राहिला. पुढे मृतदेहांची अदलाबदल झाली, त्यात केशव नव्हता. कैद्यांच्या यादीतही नव्हता. एरवी अशा माणसाला बेपत्ता म्हणतात, घरचे वाट पाहतात, कुठे कुठे विचारत फिरतात. केशवच्या बाबतीत कुणी काही विचारलं नाही. कशाला विचारतील? डोळ्यांनी पाहिलेला माणूस होता ना! तोफगोळ्यांनी माती उलटीपालटी झाली असेल, असं सुभेदारसाहेब म्हणाले. असेलही. तो त्याच सकाळी गेला असेलही. किंवा नसेल. मी बोललो त्या एका शब्दाने त्याचा शोध बंद झाला, हे मात्र नक्की.

त्याची ट्रंक घेऊन गावी मलाच पाठवलं. दोघांची जोडी होती म्हणून. आईने विचारलं, पाणी मागितलं का रं त्यानं? मी म्हटलं, नाही आई, क्षणात गेला, काही कळलंसुद्धा नाही. माउलीने माझ्याच तोंडावरून हात फिरवला.

तुम्हाला वाटेल, तरुण होता, घाबरला. लढाईत होतं असं. मीही स्वतःला पुष्कळ वर्षं हेच सांगत होतो. पण पुढचं ऐका. पुढचं मी पिकल्या केसांनी केलं आहे, तेही पोटभर जेवून, पंख्याखाली बसून.

आमच्या पलटणीचा लढाईतला इतिहास लिहायचं एका निवृत्त कर्नलसाहेबांनी मनावर घेतलं. गावोगाव जाऊन जुन्या जवानांना भेटायचे, त्यांचं बोलणं टेप करायचे. इथे उज्जैनला, माधवनगरात माझ्या घरी आले. भला माणूस. बायकोने पोहे केले, शेव घातली, त्यांनी दोनदा मागून खाल्ले. बांधाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी टेप मध्येच बंद केला. म्हणाले, खराडेचा देह मिळाला नाही, आणि साक्षीदार तुम्ही एकटेच. इतक्या वर्षांनी काही वेगळं आठवत असेल तर सांगा, मी नाव लिहिणार नाही.

याहून मोठं दार कुणी कुणाला उघडून देतं का? आत स्वयंपाकघरात सुधा—माझी बायको—कपबश्या विसळत होती. भिंतीवर शाळेने दिलेलं मानपत्र होतं. मी म्हटलं, साहेब, टेप चालू करा. आणि केशव शेवटच्या गोळीपर्यंत कसा लढला, ते रंगवून सांगितलं. काही खरंही होतं त्यात. पुस्तक छापून आलं. केशवच्या वाट्याला अर्धं पान आहे. वहिनींनी ते शेजारणीच्या सुनेकडून इतक्यांदा वाचून घेतलं की त्यांना ते पाठ आहे.

त्यानंतरच्या पितृपक्षातली गोष्ट. आमच्या गल्लीत नुकतीच केबल आली होती, सुधा दिवसभर टीव्ही चालूच ठेवायची. वहिनी आल्या त्या दिवशी बातम्यांत सरहद्दीपलीकडून सुटून आलेले कैदी दाखवत होते. खप्पड गालांची, दाढी वाढलेली माणसं फाटकातून चालत येत होती, उन्हाकडे पाहून डोळे मिचकावत होती. सुधा म्हणाली, बिचारे, किती वर्षांनी घर पाहतील. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपात तसाच राहिला. मी चप्पल घातली आणि दुकानावर निघून आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दुकानावर आल्या. गावी फोन लावायचा आहे म्हणाल्या. मी लावून दिला, त्या दोन शब्द बोलल्या, बाहेर आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मला आधीच कळलं. रस्त्यावर टेम्पोवाला 'महाकाल, महाकाल' ओरडून सवाऱ्या भरत होता. वाटलं, उठावं आणि त्यात बसून जावं. पण कुठे जाणार? ज्या गावी जाईन तिथे हा प्रश्न माझ्याआधी पोचलेला असणार.

'भावजी,' त्या म्हणाल्या, 'तुमी सोताच्या डोळ्यांनी बघितलं हुतं न्हवं?'

त्या रडत नव्हत्या. चेहऱ्यावर—कसं सांगू—आशाही नव्हती, तिची भीती होती. त्या बाईला फक्त खरं हवं होतं. आणि ते जगात एकाच माणसाजवळ होतं.

मी म्हटलं, 'वहिनी, त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं.'

पाहिलंत? आधी नुसतं 'गेला' होतं. मग 'डोळ्यांनी' झालं. आता मांडीही आली. कुणी मागितली नव्हती.

त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, बरं झालं, माझंच येड्यावानी काहीबाही मनात आलं. आणि गेल्या.

तिसऱ्या दिवशी चतुर्दशी. सिद्धवटावर पिंड झाले. मी ते नदीत सोडायला उठलो तेव्हा वहिनींनी कमरेच्या पिशवीतून एक पुरचुंडी काढून माझ्या ओंजळीत ठेवली. उघडून पाहिलं तर त्यांचं डोरलं. गावी बाईचं डोरलं नवऱ्याच्या चितेवर जातं. इथे चिता नव्हती. सासूने मोड म्हटलं तरी त्यांनी मोडलं नव्हतं, इतकी वर्षं अंगाशी बाळगलं होतं. म्हणजे ती बाई माझ्या शब्दावर विधवा झाली होती, पण आत कुठेतरी वाट पाहतच होती. ती वाट मी आदल्या दुपारी बंद केली होती. त्या म्हणाल्या, सोडा, तुमच्याच हातांनं सोडा.

मी सोडलं. ज्या हातांनी बोटं सोडवली होती त्याच हातांनी. क्षिप्रेला तेव्हा पाणी होतं, डोरलं दिसेनासं व्हायला वेळ लागला नाही.

आज सांगितलं तर त्या कुठे जातील, कुणाच्या दाराशी उभ्या राहतील, हा विचार मी करतो. पण हे मी कारण म्हणून सांगत नाही. तो विचार मला दुसऱ्या दिवशी सुचला. दुकानावर, त्या दुपारी, मी फक्त माझाच विचार केला होता.

यंदाही त्या येणार आहेत. कालच फोन आला होता. मी स्टेशनवर घ्यायला जाईन, पिशवी हातात घेईन. चतुर्दशीला ओल्या धोतराने बसेन, आणि पंडाजी म्हणतील, मृत आत्मा का ध्यान करो.

केशव जिवंत होता. मी निघालो तेव्हा तो जिवंत होता, आणि मला हाक मारत होता.