मिरीवाचून कापूर

लग्न होऊन मी अंधेरीच्या बिऱ्हाडात आले त्या संध्याकाळी शेजारच्या आबा टिपणिसांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "सूनबाई, घरात मीठ किती शिल्लक आहे?" मला वाटलं, नव्या नवरीची थट्टा चाललीय. मी हसले. आबा हसले नाहीत. ते सरळ आमच्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले, मान उंच करून फळीवरच्या बरण्या पाहिल्या आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "विनायका, हे फार तर पंधरवडा पुरेल. संसार असा होत नसतो." मग चहा पिऊन गेले. स्वतःच्या घरी त्यांनी कुणाला चहा पाजल्याचं मला आठवत नाही.

एका सरकारी खात्याच्या भांडारात आबांनी उभा जन्म काढला होता. तिथे म्हणे जुन्या पेन्सिलीचं थोटूक जमा केल्याशिवाय ते नवी पेन्सिल देत नसत, मग समोर साहेब का उभा असेना. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, भांडार घरी आलं. दोन खोल्यांत डबे, पिंपं, पोती आणि एक मोठी लोखंडी ट्रंक. त्यांच्या बायकोला, म्हणजे माईंना, स्वयंपाकघरात अंग चोरून शिरावं लागे. नवा साबण हवा असेल तर आधी जुन्याची चिपटी दाखवायची. सगळ्या किल्ल्या आबांच्या जानव्याला. चालताना त्या वाजत, त्यामुळे आबा येताहेत हे गॅलरीत सगळ्यांना आधीच कळे आणि ज्याला टाळायचं असेल तो आत जाई.

"असलेलं बरं," हे त्यांचं पालुपद. दुसरं एक वाक्य ते ठेवणीतलं काढत : "वस्तू भांडारात असते तोवर वस्तू. बाहेर पडली की तो खर्च." माई ट्रंकेवर पोळपाट ठेवून पोळ्या लाटायच्या, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात नवा फ्लू आला आणि आबांचे दिवस आले. पूर्वेकडून बोटीने आलाय, याच्यावर औषध नाही, असं वर्तमानपत्रात छापून आलं. आबा रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून ते मोठ्याने वाचायचे आणि छापलेलं कमी पडलं की पदरचं घालायचे. आठवड्यात आमच्या इमारतीतल्या शिकलेल्या माणसांनी अकलेला सुट्टी दिली. पोरांच्या गळ्यात ओवा-कापराच्या पुरचुंड्या आल्या. कांदे उशाखाली गेले. आरेच्या म्हशींनाही फ्लू झालाय असं कुणी तरी उठवलं, तेव्हा बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ दुधाच्या सीलबंद बाटल्या परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात बुडवायला लागले. त्यांच्या पोरांची तोंडं न धुता तशीच असायची, पण बाटली स्वच्छ. कोपऱ्यावरचा वाणी एवढा खूश होता की त्याला ताप आला तरी तो दुकान बंद करणार नाही अशी माझी खात्री होती.

आबांनी मात्र किरकोळ काही केलं नाही. सुंठ, निलगिरी, रॉकेल, काळ्या मिरीचा एक अख्खा सीलबंद डबा आणि कापूर. कापूर तर त्यांनी आजूबाजूच्या सगळ्या दुकानांतून उचलला. जुन्या धोतराच्या फडक्यांत बांधून त्याची गाठोडी ट्रंकेत रचली. मी तेव्हा तिथेच होते. माई म्हणाल्या, "अहो, थोडी मिरी टाका त्यात. नुसता कापूर उडतो."

ही काही गुप्त विद्या नव्हे. देवघरातल्या कापराच्या डबीत चार मिरी घालायची हे आमच्याकडे पोरींनाही ठाऊक असतं. आबांनाही ठाऊक होतं. पण ते म्हणाले, "मिरी काढ्यासाठी आहे. तो डबा वेळ आल्याशिवाय फोडायचा नाही." डबा ट्रंकेशेजारीच होता, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ. पण आबांच्या भांडारात एका वस्तूने दुसरीच्या उपयोगी पडायची पद्धत नव्हती. ट्रंकेला कुलूप लागलं आणि आबांनी दाराबाहेर खडूने एक रेघ ओढली. तिच्या अलीकडे कुणी यायचं नाही.

त्या रेघेपाशी पहिल्या आल्या त्या परबकाकू. गॅलरीच्या टोकाच्या खोलीत राहणाऱ्या, मालवणकडच्या. नवरा परळच्या गिरणीत. त्यांच्या धाकट्याला ताप भरला होता आणि डॉक्टरच्या औषधाबरोबर कापराची धुरी द्यावी असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. पोराला कडेवर घेऊन त्या उभ्या राहिल्या.

"आबानू, एक वडी कापूर देवा. झिलाक ताप इलोहा. दुकानात खंयच गावाक नाय."

आबांनी नाकाला रुमाल लावला. "आमच्यापुरताच आहे हो. आणि पोराला घेऊन कशाला आलात? आधी मागे व्हा."

दारात माई उभ्या होत्या. त्यांनी पोराकडे पाहिलं, नवऱ्याच्या जानव्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. काकूही गेल्या. कापराने फ्लू जात नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. पोर कापराशिवाय बरं झालं, जशी बहुतेक सगळी होत होती. पण एका वडीसाठी एका आईला रेघेबाहेर उभं केलं, ते पाहून माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी हे यांना सांगितलं. हे म्हणाले, "त्यांनी मानमोडी पाहिलीय गं."

ती कथा आबांनी मलाही एकदा ऐकवली होती. मानमोडीच्या, म्हणजे अठरा सालच्या फ्लूच्या, साथीत त्यांच्या गावात माणसं एवढी गेली की लाकडं संपली. त्यांच्या आईला पुरती लाकडं मिळाली नाहीत. "तेव्हापासून ठरवलं सूनबाई, आपल्या घरात काही संपू द्यायचं नाही." हे सांगताना त्यांचा आवाज चिरकला होता आणि मलाही वाईट वाटलं होतं. पण त्या माउलीने मुलाला दारात रेघ ओढायला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

पावसाळा सुरू झाला आणि रेघ ओलांडून फ्लू आबांच्याच घरात शिरला. माई तापाने फणफणल्या. आबांनी काय करावं? स्वतःची खाट गॅलरीत काढली. एवढ्या साठ्यात माई एकट्या आत, आणि आबा बाहेर निलगिरीचा रुमाल नाकाला लावून, "माई, कसं वाटतंय?" असं भिंतीला विचारताहेत. मी आत गेले तर माझ्या आधीच परबकाकू माईंच्या उशाशी बसलेल्या. मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या, पेज, अंग पुसणं, सगळं त्या करत होत्या. दोन दिवस ताप उतरला नाही. माई बरळायला लागल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, आजची रात्र जपा. ते ऐकून आबांनी जानव्याची किल्ली सोडली, उंबऱ्यावर ठेवली आणि छत्रीच्या टोकाने आत ढकलली.

"ट्रंक उघडा. कापूर जाळा तिच्या उशाशी. हवा तेवढा जाळा."

काकूंनी कुलूप काढलं. झाकण उघडताच असा वास आला की डोळ्यांत पाणी यावं. आत धोतराची फडकी होती, गाठी जशाच्या तशा, आणि फडक्यांत काही नव्हतं. एका कोपऱ्यात हरभऱ्याएवढा एक खडा तेवढा राहिला होता.

आबा दारात आले, पण आत नाही आले. त्यांनी ट्रंकेत पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं. "कुणी तरी हात मारला. तुम्ही मागायला आला होतात ना त्या दिवशी?"

किल्ली महिनाभर आबांच्या स्वतःच्या गळ्यात. तरीही हा आरोप.

काकू उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पट्टी भिजवायची वाटी होती. "तुमच्या बायलेचा आंग मी पुसतंय, आणि चोर पण मीच?" त्यांनी वाटी खाली ठेवली आणि पदर खोचला. त्या गेल्या असत्या तर त्यांना कोणत्या तोंडाने अडवलं असतं, मला ठाऊक नाही.

तेवढ्यात माई बोलल्या. आवाज अगदी बारीक, पण बरळणं नव्हे. "काकू, बसा. कुणी नेला नाही कापूर. उडाला."

"उडाला?" आबा म्हणाले.

"मिरी मागितली होती, दिली नाहीत. रोज त्याच ट्रंकेवर पोळ्या लाटत होते मी. वासावरून कळत होतं, कमी होतोय."

"मग बोलली का नाहीस?"

"एकदा बोलले होते. नंतर यांचं पोर दाराशी आलं आणि तुम्ही हाकललंत. तेव्हा म्हटलं, जाऊ दे सगळा. हवेतून तरी शेजारी जाईल."

काकूंनी खाली बसून वाटी पुन्हा हातात घेतली. आबा खाटेवर जाऊन बसले. त्या रात्री त्यांनी वर्तमानपत्रही वाचलं नाही आणि कुणाला शिल्लकही विचारली नाही. पहाटे माईंना घाम फुटला आणि ताप उतरला.

आबांनी काकूंची माफी मागितली का? छे. त्यांच्या भांडारात ती वस्तू कधी आलीच नव्हती. पण दुसऱ्या दिवशी परबांच्या उंबऱ्यावर मिरीचा तो सीलबंद डबा कुणी तरी ठेवलेला होता. दार वाजलं नव्हतं. किल्ल्यांचा आवाज मात्र मी ऐकला होता. काकूंनी डबा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि आत नेला. मी त्यांच्या जागी असते तर गटारात फेकला असता, आणि हे मी त्यांना सांगितलंही. काकू म्हणाल्या, "मिरयेन काय केल्यान गो?"

आबा सुधारले असं कुणी समजू नये. पुढेही साखर, रॉकेल, काड्यापेट्या भरतच होते. फक्त कापूर त्यांनी पुन्हा घरात आणला नाही, आणि माई आरतीला तुपाची वात लावायच्या. दोन वर्षांनी ते झोपेतच गेले. ना साथ, ना ताप. सकाळी इमारतीतले सगळे पुरुष कामावर न जाता थांबले. बांबू, सुतळी, मडकं, लाकडांचं सांगणं, ज्याला जे सुचलं ते त्याने केलं. काही कमी पडलं नाही. अडलं ते एका कापरावर. वाण्याचं दुकान उघडायचं होतं आणि आबांच्या भरल्या घरात कापराचा खडा नव्हता.

परबकाकू आपल्या देवाजवळची डबी घेऊन आल्या आणि माईंच्या हातात दिली. डबी काठोकाठ भरलेली होती.

"ह्यात आबानूंचीच मिरी आसत," काकू म्हणाल्या. "तेंच्यामुळे ऱ्हवलो कापूर."

तोपर्यंत माई रडल्या नव्हत्या. त्यांनी डबी उघडली आणि मिरी एकेक करून वेचून बाजूला काढली. ती पदराच्या टोकाला बांधली आणि कापूर आमच्या यांच्या हातात दिला. मला रडू आलं, आणि त्या माणसासाठी रडू आलं म्हणून स्वतःचा रागही आला.