स्वयंपाकघरातला चौथा पॉइंट

आमच्या घरात वीज आली आणि आईचा डावा हात मोडला, या एकाच आठवड्यातल्या गोष्टी. परवा नातीच्या नव्या घरात दिवे-पंखे बसवायला वायरमननं अव्वाच्या सव्वा पैसे सांगितले, तेव्हा ती मला म्हणाली, "आजी, तुमच्या वेळी किती पडायचे गं?" मी म्हटलं, "एका पॉइंटला एक हात." ती हसली. तिला वाटलं, आजी थट्टा करते आहे. मग मीही विषय सोडून दिला.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. आम्ही सांगलीत, पेठेत राहत होतो. पुढं वडिलांची हळदीची अडत, मागं घर. घराच्या शेवटी स्वयंपाकघर आणि त्याच्या पाठीला लागून हळदीचं गोदाम, म्हणून स्वयंपाकघराला खिडकीच नव्हती. भर दुपारीही आई घासलेटची चिमणी पेटवून बसायची. तिच्या नाकपुड्या काळ्या, पदर काळा, छताला काजळीच्या जळमटांच्या दोऱ्या. डोळे तर कायम लाल. मला लहानपणी वाटायचं, आयांचे डोळे तसेच असतात.

आम्ही जैन. दिवस मावळला की आमच्याकडं तोंडात अन्नाचा कण जात नाही. ऐकायला हे चांगलं वाटतं, पण वाढणारीचं काय होतं ते कुणी विचारत नाही. वडील, मग दुकानातले दोन दिवाणजी, मग आम्ही पोरी असं सगळ्यांचं होईपर्यंत बाहेर अंधारायला लागायचं. सूर्य गेला की आई भाताचं पातेलं झाकून ठेवायची आणि पाणीही न पिता भांडी घासायला बसायची. आठवड्यातून चार दिवस तरी तिचा असा उपास घडायचा. त्याचं पुण्य तिला मिळालं असेल तर ते तिलाच ठाऊक.

वडिलांना आम्ही आण्णा म्हणायचो. आण्णा ढोंगी असते तर फार बरं झालं असतं, मला त्यांचा नुसता राग करता आला असता. पण माणूस खरा होता. गुळाच्या ढेपेला मुंग्या लागल्या तर एकेक मुंगी कागदावर घेऊन परसात सोडायचे. पावसाळ्यात कंदिलाखाली सकाळी मेलेल्या पाखरांचा थर पडायचा, तो बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. आणि त्याच हातानं ते हमालाच्या कानाखाली अशी काढायचे की तो माणूस पोत्यावर आडवा व्हायचा. आईच्या कपाळावर तांब्याची खूण होती. माझ्या धाकट्या बहिणीला एका कानानं कमी ऐकू यायचं, ते जन्मापासून नव्हतं. का मारायचे? डाळ पातळ झाली, ओला टॉवेल खाली पडला, भाव उतरला. कारण लागायचंच असं नाही. घरात डास मारायला बंदी होती.

वीज घ्यायची ठरली तीही त्या पाखरांपायीच. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, पंडितजींनी सांगितलं की ज्योतीवर जीव जळतात, त्याचं पाप दिवा लावणाऱ्याला लागतं. काचेच्या आतल्या दिव्यात ते भय नाही. आण्णांनी ते मनावर घेतलं. दिवाळीच्या आत दिवे लागले पाहिजेत, असं घरात सांगून टाकलं.

वायरमन पलूसकडचा होता. पलटणीत तारांचं काम शिकून आलेला, खाकी अर्धी चड्डी, कानावर पेन्सिल. तो दर पॉइंटवर सांगायचा. पॉइंट म्हणजे एक दिवा, त्याचं बटण आणि तिथवर सागवानी पट्टीवर ठोकून आणलेली वायर. लढाईपायी वायर मिळत नव्हती, त्यामुळं एका पॉइंटला त्यानं हमालाच्या पंधरा दिवसांच्या मजुरीएवढा आकडा सांगितला. आण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. तीन दिवस घासाघीस चालली. शेवटी तीन पॉइंट ठरले. एक दुकानात गादीवर, एक सोप्यात, एक देवघरात.

वायरमननं घर फिरून पाहिलं आणि विचारलं, "आन् सैपाकघर?"

"तितं कशाला? दिवस मावळायच्या आत चूल विझते आमची," आण्णा म्हणाले.

"आवं मालक, पर हितं तर दुपारीच रात हाय."

"तीन म्हणजे तीन."

आई दाराआड उभी होती. आयुष्यात तिनं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही, पण त्या दिवशी ती पुढं आली. म्हणाली, "मी तिथं धान्य निवडते. किडा दिसत नाही. काय मरतं काय जगतं, मला कळत नाही. पाखरांचं पाप लागतं, तर किड्यांचं लागत नाही का?" आण्णांनी परक्या माणसासमोर तिच्याकडं फक्त बघितलं. ते बघणं आम्हाला घरात सगळ्यांना माहीत होतं. मी बहिणीला घेऊन परसात गेले. त्या दिवशी मात्र त्यांनी हात उचलला नाही, पेठेत सौदे चालू होते आणि त्यांना लगेच तिकडं जायचं होतं.

काम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा लिलावाला गेले होते. आई पदर घेऊन सोप्यात आली. शिडीवर वायरमन, तोंडात खिळे धरलेले. ती म्हणाली, "भाऊ, एक आत घ्या. त्यांना मी सांगते." त्यानं काही विचारलं नाही. त्याला एक पॉइंट वाढत होता. त्यानं सोप्यातून स्वयंपाकघराकडं दोन पट्ट्या ठोकल्या. तिसरी पट्टी खाली भिंतीला टेकवलेली होती, तेव्हा आण्णा आत आले.

त्यांनी भिंतीकडं पाहिलं. पट्टी उचलली आणि आईच्या पाठीत घातली. ती वाकली. दुसरा फटका खांद्यावर बसला. "मी सांगितलो न्हवं तीन म्हणून? कोण इचारलं तुला?" तिसऱ्या फटक्याला तिनं डावा हात वर धरला. कडकन आवाज झाला आणि पट्टीचा तुकडा उडून माझ्या पायाशी पडला. पट्टी मोडली असंच मला वाटलं. मग आईचा हात मनगटाच्या वर भलतीकडंच वळलेला दिसला. तिच्या तोंडातून नुसता श्वास गेला, आणि ती भिंतीला धरून खाली बसली. आण्णांच्या हातात उरलेली पट्टी होती, तिनं त्यांनी बसलेल्या आईला आणखी दोन मारल्या. एक गालावर लागली.

वायरमनची हातोडी शिडीच्या पायरीवर होती. ती माझ्या हातात कधी आली, मला आठवत नाही. आण्णांची पाठ माझ्याकडं होती, धोतराच्या वर, घामानं भिजलेली. मी तेरा वर्षांची होते आणि माझ्या बापाला मला मारून टाकायचं होतं. हे मी आज लिहिते आहे, कारण आता विचारायला कुणी उरलेलं नाही. मुंगी मारू नये असं ज्या घरात शिकले त्याच घरात हेही शिकले. मी दोन पावलं पुढं गेले. वायरमननं शिडीवरून वाकून माझ्या हातातून हातोडी काढून घेतली. "दे हिकडं, पोरी," एवढंच म्हणाला. पाचही फटके होईपर्यंत तो वरच होता. माझ्यासाठी मात्र वाकला.

मग त्यानं तोंडातले खिळे काढले आणि तो म्हणाला, "पट्टी मोडली, मालक. तिचं पैसं येगळं पडतील."

"लाव," आण्णा म्हणाले.

तीन दिवस एकेका पॉइंटसाठी घासाघीस करणारा माणूस त्या पट्टीला एका शब्दानं अडला नाही. धापा टाकत ते दुकानाकडं निघाले. उंबऱ्यावर मुंग्यांची रांग लागली होती. आण्णांनी खाली पाहिलं, पाय उचलला आणि जपून पलीकडं टाकला. त्या वायरमनचा आणि त्या पावलाचा मला अजून राग येतो, आणि जास्त कुणाचा ते ठरवता येत नाही.

हाड बसवणाऱ्याकडं मीच आईला नेलं. परसात पाय घसरला, असं तिनं सांगितलं. त्यानं बरं म्हटलं, बांबूच्या कांब्या लावून हात बांधला आणि विचारलं, "या खेपेला परसात का?" आदल्या खेपेला ती जिन्यावरून पडली होती. आमच्या घराला जिना नव्हता.

तीन दिवे ठरल्याप्रमाणं लागले. स्वयंपाकघराकडं निघालेल्या दोन पट्ट्या आण्णांनी उपटायला लावल्या. पेठेतली माणसं येऊन बटण दाबून बघून गेली. आई चुलीपाशी चिमणीच्या उजेडात बसून मला सांगायची आणि मी फोडणी द्यायची. निवडायचं काम तिनं स्वतःकडं ठेवलं होतं. एका हातानं सूप धरून पाखडता येत नाही, म्हणून ती तांदूळ ताटात पसरून बोटानं चाचपायची.

पहिल्याच दिवशी आण्णांनी घास उचलता उचलता विचारलं, "निवडलंय न्हवं?"

"एका हातानं जेवढं झालं तेवढं," आई म्हणाली. "अंधारात जेवढं दिसलं तेवढं."

तिच्या आवाजात राग नव्हता. रोज विचारलं की रोज तेच सांगायची. आण्णांचं जेवण त्या उत्तरानं संपलं. पाटावरून उठून ते ताट दारात घेऊन जायचे आणि उजेडाला धरून भात बोटानं उपसायचे. त्यांचे गाल आत गेले. तिच्यावर ओरडून चालणार नव्हतं, कारण ती खोटं बोलत नव्हती. हात कुणी मोडला हे सगळ्यांना माहीत होतं. चौथ्या दिवशी त्यांना आमटीत काळं काहीतरी दिसलं. त्यांनी ते नखावर घेतलं. ते पांढरे पडले. "जीव हाय ह्यो," म्हणाले आणि हात धुऊन उठले. दुसरा दिवस त्यांनी निर्जळी काढला, प्रायश्चित्त म्हणून.

ती करपलेली मोहरी होती. फोडणी मी दिली होती, मला माहीत होतं. मी मूग गिळून बसले. आयुष्यात फार थोड्या गोष्टींचं मला इतकं समाधान वाटलं आहे.

उपासाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वायरमनला बोलावणं पाठवलं. या खेपेला भाव केला नाही. वायरमननं पट्ट्या पुन्हा ठोकल्या. आईच्या तोंडाकडं त्यानं पाहिलं नाही, खाली बघून विचारलं, "वैनी, बटण कुटं बसवू?"

आई म्हणाली, "चुलीच्या पलीकडं. माझ्या उजव्या हाताशी."

ती काय करते आहे हे मला तेव्हा कळलं नाही. चुलीच्या पलीकडं आमच्याकडं सोवळ्यानंच जायचं. दुकानातल्या कपड्यांनी तिकडं पाऊल टाकायचं नाही, हा नियम आण्णांनी जन्मात मोडला नव्हता.

त्या दिवशी संध्याकाळी ऊन अजून परसात होतं. आण्णा दुकानातून येऊन पाटावर बसले. आईनं बटण दाबलं.

इतकी वर्षं त्या खोलीत जेवलो, पण ती खोली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. छतावरची काजळी, भिंतीवरचे तेलाचे ओघळ, आणि ताटातला भात, पांढरा स्वच्छ. आण्णांनी वाकून भात पाहिला, आमटी पाहिली. त्यांचा चेहरा सैल झाला. घास घेतला. दुसरा घेतला. मग आणखी भात मागायला मान वर केली, आणि समोर आई होती.

गाल पिवळाजांभळा. डोळ्याखाली पट्टीची धार उमटलेली. कपाळावर तांब्याची खूण. गळ्यापाशी जुना डाग, तो कशाचा हे मलाही माहीत नव्हतं, त्यांना असावं. कांब्या बांधलेला हात मांडीवर. हातातली पळी धरून ती त्यांच्याकडं सरळ बघत होती. सतरा वर्षं तो माणूस तिच्यासमोर बसून जेवला होता, चिमणीच्या उजेडात.

"बंद कर त्यो दिवा," आण्णा म्हणाले.

"का? ताटात काही दिसलं?"

"बंद कर म्हणतो न्हवं!" ते अर्धे उठले. हात वर गेलेला मी पाहिला. बहीण माझ्या मागं लपली. मध्ये चूल होती, आणि अंगावर दुकानाचं धोतर होतं. आण्णा चुलीच्या कडेला आले आणि थांबले.

आईनं पळी भातात ठेवली. बटण तिच्या हाताशी होतं. ती म्हणाली, "राहू दे. दिसू दे."

आण्णांचा हात त्यानंतर उठलाच नाही, असं खोटं मी सांगणार नाही. सोप्यात उठला, परसात उठला. पण त्या दिव्याखाली कधी नाही, आणि तिथं जेवायलाही ते पुन्हा बसले नाहीत. त्यांचं ताट मरेपर्यंत सोप्यात जायचं.

त्या संध्याकाळी ते भरलं ताट टाकून निघून गेले. दिवाणजींना मी बाहेरच वाढलं. मी परत आत आले तेव्हा आईनं पाट ओढून दिव्याखाली मांडला होता. परसातलं ऊन भिंतीवर चढलं होतं, पण गेलं नव्हतं. तिनं ताट घेतलं, उजव्या हातानं भात कालवला आणि जेवायला लागली. भात संपल्यावर तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं, आणि मी तिला पुन्हा वाढलं.