शेवटच्या थराला हात लावायचा नसतो, अव्या

अव्या, तू गाढव होतास.

आज वर्ष झालं, तरी मला दुसरा शब्द सापडत नाहीये. सगळे "देवमाणूस", "किती हसतमुख" वगैरे लिहितायत. लिहू देत. त्यांनी तुझ्या शेजारच्या बूथमध्ये अप्रेंटिसशिप केलेली नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. अविनाश आणि मी ख्राइस्टचर्चला एकाच वर्कशॉपमध्ये वेल्डिंग शिकत होतो. तो चांगला डिझाइन इंजिनियर, मी सॉफ्टवेअर टेस्टर. दोघांनीही ऑफिसची खुर्ची सोडून हेल्मेट घातलं.

घरच्यांनी अर्थातच कपाळाला हात लावला.

तुझ्या आईने तर चिंचवडला कुणाला सांगितलंच नाही. "अवि तिकडे मॅनेजर आहे," एवढंच. मी चिडायचे. "अरे, सांग ना काकूंना, लोकांना खरं सांगा म्हणून!"

"एकदा सर्टिफाइड होऊ दे गं. मग तीच सांगत फिरेल."

झालं. सगळं त्या एका टेस्टवर येऊन अडकलं.

टेस्ट काय, तर तिरक्या बसवलेल्या पाइपचा जोड चहूबाजूंनी वेल्ड करायचा. थरावर थर. मधल्या थरांवर ग्राइंडर मारून घासलेलं चालतं. शेवटच्या थरावर, म्हणजे कॅपवर, नाही. तो जसा पडला तसाच इन्स्पेक्टरला दाखवायचा. तुमचा हात कसा आहे, ते त्यालाही कळायला हवं ना!

हे तुला माहीत होतं. पाठ होतं. मलाच दहादा ऐकवलं होतंस.

आणि पहिल्या टेस्टला तू काय केलंस?

मी माझ्या बूथमध्ये वाकलेली. शेजारून ग्राइंडरचा आवाज आला. मला वाटलं, मधला थर असेल. मान वर करून बघते तर हा बाबा कॅप गुळगुळीत करत बसलाय!

"अव्या, नको!!"

"अगं, जरा खडबडीत होती. असं कसं द्यायचं लोकांच्या हातात? बरं दिसत नाही."

इन्स्पेक्टरने पाइप फिरवून बघितला. "यू'व्ह ग्राउंड द कॅप, मेट. सॉरी."

संपलं. कॅप घासली म्हणजे थेट नापास. आतलं वेल्ड कसं होतं, ते कुणी बघितलंही नाही.

पार्किंगमध्ये मी तुला एवढ्या शिव्या घातल्या की पलीकडचा डेअरीवाला, म्हणजे कोपऱ्यावरचा किराणावाला, बाहेर येऊन बघून गेला. तू आपला हसतोयस. "सवय आहे गं. आमच्याकडे पितळेचा डबासुद्धा चेहरा दिसेपर्यंत घासतात."

खरंच होतं ते. लॉन दोनदा कापायचास, एकदा उभं, एकदा आडवं. बार्बेक्यूला बोलावलं की आधी जाळी घासत बसायचास. सॉसेज मिळेपर्यंत पोरं उपाशी.

मग पुन्हा महिनोन्‌महिने प्रॅक्टिस. मी तुझा ग्राइंडर माझ्या लॉकरमध्ये ठेवायला लागले. तू दुसऱ्याचा मागून आणायचास. डोकं फिरायचं माझं.

दुसऱ्या टेस्टच्या आधीच्या आठवड्यात छातीवर हात चोळत होतास.

"काय होतंय?"

"ॲसिडिटी. कालची मिसळ."

"जीपीकडे जा, डॉक्टरला दाखव."

"टेस्ट झाली की जातो."

टेस्ट झाली की. टेस्ट झाली की! अरे, पाइप कुठे पळून जाणार होता का?

रविवारी सकाळी लॉन कापताना पडलास. उभं कापून झालं होतं. आडवं अर्धं राहिलं. तुझ्या बायकोने, मेघनाने, ॲम्ब्युलन्स बोलावली, ती लगेच आलीसुद्धा. काही उपयोग झाला नाही.

टेस्ट मी दिली. पास झाले. मेघनाला सांगायला फोन उचलला आणि परत ठेवून दिला.

नंतर आमचा ट्रेनर ग्रॅहम तुझा शुक्रवारचा प्रॅक्टिसचा पाइप घेऊन माझ्याकडे आला. काळपट, डागाळलेला. कॅप जशी पडली तशी. ग्राइंडर लागलेलाच नाही.

"दॅट वुड हॅव पास्ड," म्हणाला आणि नाक पुसत निघून गेला.

अव्या, अरे, जमलं होतं की रे तुला.

तो पाइप मी मेघनाला दिला. तिने तो तुझ्या फोटोशेजारी ठेवलाय.

आज तुमच्याकडे गेले होते. काकू आल्यात चिंचवडहून. फोटोला हार घालून झाला, नैवेद्य झाला. मी पाणी प्यायला किचनमध्ये गेले, तर काकू सिंकपाशी. एका हातात तुझा पाइप, दुसऱ्या हातात तारेची घासणी.

"काकू, नको!!"

त्या इतक्या दचकल्या की घासणी खाली पडली. तारेच्या घासणीने कॅपला काही होत नाही, हे मला चांगलं माहितीये. तरी ओरडले.

"अगं, माझ्या पोराचं काम असं मळकं ठेवायचं का फोटोपाशी?"

मग त्यांना बसवून सगळं सांगितलं. ती पहिली टेस्ट, ग्राइंडर, ग्रॅहम, सगळं.

त्या बराच वेळ कॅपवरून बोट फिरवत होत्या.

"म्हणजे हे एवढं एकच त्याने घासलं नाही?"

"हो काकू."

"आणि ह्यात तो पास झाला असता?"

"झाला असता."

त्यांनी पदराने पाइपवरचं पाणी टिपलं. मग फोन मागितला आणि चिंचवडला बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. पाइप कॅमेऱ्यासमोर धरला.

"हे बघ माई. अविने जोडलंय. मॅनेजर नव्हता तो. वेल्डर होता माझा मुलगा."

मी मागच्या दाराने बाहेर पडले. मोव्हर काढला आणि लॉन कापलं.

एकदाच. उभं. चांगलं दिसतंय.

राग गेलेला नाही, तो जाणारही नाही. पण काकू सांगायला लागल्यात, एवढं तुला कळवायचं होतं.

आराम कर आता, अव्या. तुला मनापासून नमस्कार.